गरिबाचे डुक्कर आणि बाजाराचे दार

१/
मे १९८२. हैतीच्या डोंगराळ गावांत सरकारी पथके शिरू लागली. त्यांना एकच काम नेमून दिलेले होते: देशातील प्रत्येक डुक्कर मारणे. आजारी असो वा धडधाकट, गाभण असो वा चार दिवसांचे पिल्लू, कशालाही सूट नव्हती. सुमारे वर्षभरात हे काम आटोपले. शेतकऱ्याला सांगण्यात आले की हे सारे त्याच्याच भल्यासाठी आहे.

२/
‘लहान वराहपालकांचे जीवनमान उंचावणे व त्यांना बाजारपेठ उपलब्ध करून देणे’ हे वाक्य आज कोणत्याही पशुसंवर्धन योजनेच्या पहिल्या पानावर सापडते. वाक्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण या वाक्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात डुक्कर पाळणाऱ्याला कोणी काही विचारल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे.

३/
आधी हैतीचे डुक्कर समजून घ्यावे लागते. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत हिस्पानिओला बेटावर डुकरे उतरली. त्यांच्या वंशातून शतकानुशतकांच्या निवडीने एक काळे, ठेंगणे, विलक्षण काटक जनावर तयार झाले. त्यालाच क्रेओल डुक्कर म्हणत. गळून पडलेले आंबे, कंदमुळे, किडे, घरचे खरकटे यांवर ते जगे. त्याला गोठा लागत नसे, विकतचे खाद्य लागत नसे. उन्हातान्हात ते तग धरी आणि नाकाड्याने जमीन उकरून पेरणीआधीची निम्मी मशागत करून ठेवी.

४/
हैतीच्या खेड्यात बँक नव्हती. बँकेचे काम हे डुक्कर करी. शाळा सुरू होण्याच्या सुमारास एक विकले की मुलांची फी निघे. लग्न, आजारपण, मयत, अवर्षण, प्रत्येक अडचणीला अंगणातले जनावर उपयोगी पडे. सावकाराच्या दारात उभे राहण्याची वेळ त्याच्यामुळे टळे. अर्थशास्त्रात याला ‘बचत’ म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अब्रू होती.

५/
त्याचे स्थान केवळ आर्थिक नव्हते. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा कायमां येथे गुलामांची जी गुप्त सभा झाली, तिच्यात काळ्या डुकराचा बळी देऊन बंडाची शपथ घेतली गेली, अशी हैतीची परंपरा सांगते. त्या बंडातून १८०४ साली स्वतंत्र हैती जन्माला आली. एका राष्ट्राच्या जन्मकथेत ज्या जनावराला जागा आहे, तेच १९८२ साली ‘रोगाचे आगर’ ठरले.

६/
रोग खराच होता, हे नि:संदिग्धपणे सांगितले पाहिजे. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण डुकरांत त्याचा तीव्र प्रकार जवळजवळ सर्व कळप संपवतो. १९२१ साली केनियातील पशुवैद्य माँटगोमेरी यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तिथल्या रानडुकरांत व गोचिडांत हा विषाणू पूर्वीपासून गुपचूप नांदत होता. युरोपीय वसाहतवाल्यांनी बाहेरून डुकरे आणली, तेव्हा तीच पटापट मेली.

७/
१९५७ साली हा रोग लिस्बनला पोहोचला. १९७१ साली क्यूबात त्याच्यामुळे सुमारे पाच लाख डुकरे मारावी लागली. १९७८ साली तो डोमिनिकन प्रजासत्ताकात उतरला. हैती त्याच बेटाचा पश्चिमेकडील भाग. सरहद्द ओलांडायला विषाणूला परवाना लागत नाही.

८/
निर्मूलनाचा निर्णय कोणी घेतला? पैसा मुख्यतः अमेरिकेचा, जोडीला कॅनडा व मेक्सिको. अंमलबजावणी आंतर-अमेरिकी कृषी संस्थेची. संमती हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुवालिए यांची. खर्च सुमारे २.३ कोटी डॉलर. भीती होती ती उत्तर अमेरिकेच्या अवाढव्य वराहउद्योगाला रोगाची लागण होण्याची. ज्याचे डुक्कर मरणार होते, तो शेतकरी या बैठकीत कुठेच नव्हता.

९/
मोहिमेत ३,८०,००० च्या आसपास डुकरे मारली गेली. रोगाने आधीच बरीच गेली होती. पण उरलेल्यांतली कित्येक निरोगी दिसत होती, कारण तोवर साथीचा जोर ओसरला होता. रोग शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही वाचलेली डुकरेच धोकादायक, कारण त्यांच्यात विषाणू लपलेला असू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची, कारण ती साथीतून तरली होती. शास्त्राचे म्हणणे चुकीचे नव्हते. चूक त्यापुढे घडली.

१०/
नुकसानभरपाईचा शब्द दिला गेला. अनेकांच्या हाती काहीच पडले नाही. मग ‘उन्नत’ डुकरे आली, अमेरिकेतील आयोवा राज्यातून. गुलाबी, वजनदार, देखणी. त्यांना स्वच्छ पाणी हवे होते, जे गावकऱ्यांनाच मिळत नव्हते. त्यांना छप्पर हवे होते, फरशीबंद जमीन हवी होती, लसी हव्या होत्या आणि परदेशातून आलेले विकतचे खाद्य हवे होते.

११/
हैतीचे शेतकरी या पाहुण्याला ‘चार पायांचा राजपुत्र’ म्हणू लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्याँ-बर्त्राँ आरिस्तीद यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला आहे: एका डुकराच्या खाद्याला वर्षाला ९० डॉलर, तर देशाचे दरडोई उत्पन्न १३० डॉलर. ज्या जनावराने घर पोसायचे, त्याला पोसण्यात घर विकावे लागावे, अशी ही सुधारणा होती.

१२/
आरिस्तीद यांच्याच म्हणण्यानुसार खेड्यांतील शाळांची पटसंख्या ३० टक्क्यांनी घटली आणि शेतकऱ्यांचे एकूण नुकसान ६० कोटी डॉलरच्या घरात गेले. आकड्यांबद्दल वाद होऊ शकतो, दिशेबद्दल होत नाही. विकायला डुक्कर उरले नाही, म्हणून अनेकांनी झाडे तोडून कोळसा विकला. आधीच उघडे पडत चाललेले डोंगर आणखी उघडे पडले. फेब्रुवारी १९८६ मध्ये दुवालिए देश सोडून पळाले. त्या असंतोषाच्या कारणांत डुकरांची कत्तल आवर्जून मोजली जाते.

१३/
नंतर फ्रेंच व हैतीच्या तज्ज्ञांनी गॅस्कनी, चीन व ग्वादलूप येथील जातींच्या संकरातून गावच्या परिस्थितीत टिकेल असे डुक्कर तयार केले. म्हणजे काटक, गरिबाला परवडेल असा पर्याय अशक्य नव्हता. सुरुवातीला तो कोणाला सुचलाच नाही. आणि २०२१ साली आफ्रिकन स्वाइन फीवर पुन्हा त्या बेटावर अवतरला. रोगही परतला आणि प्रश्नही तोच उरला.

१४/
यावर एक ठरलेले उत्तर मिळते: लहान शेतकरी आधुनिक बाजाराला पुरा पडत नाही, त्याला कोण काय करणार? या उत्तराची परीक्षा घ्यायची तर शंभर वर्षे मागे, डेन्मार्कला जावे लागते. आज वराहमांसाच्या निर्यातीसाठी जगभर नाव असलेला हा देश १८८० च्या दशकात लहान-मध्यम शेतकऱ्यांचा देश होता, आणि त्याच्यावरही असेच संकट कोसळले होते.

१५/
डॅनिश शेतकऱ्याची डुकरे जिवंतपणी जर्मनीत विकली जात. १८८७ साली जर्मनीने रोगाचे कारण देऊन ही आयात बंद केली. हा रोग वेगळा, क्लासिकल स्वाइन फीवर. पण शेतकऱ्याच्या पोटावर येणारा पाय तोच. मोठे गिऱ्हाईक एका फर्मानाने गेले. डुकरे गोठ्यात, खर्च चालू, भाव कोसळलेला.

१६/
त्याच वर्षी, १८८७ मध्ये, हॉर्सेन्स या गावी शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कत्तलखाना काढला. जिवंत डुक्कर जर्मनीला जात नसेल, तर खारवलेले मांस ब्रिटनला पाठवू, असा विचार होता. सभासदाने आपली डुकरे ठरलेल्या मुदतीपर्यंत याच कत्तलखान्याला घालायची, ही अट. मत मात्र माणशी एक: शंभर डुकरेवाल्याला एक आणि दोन डुकरेवाल्यालाही एक.

१७/
या अटीचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. वजन, प्रत, भाव, नफ्याची वाटणी हे सारे ज्या छपराखाली ठरते, त्या छपराचा मालक डुक्कर पाळणारा स्वतः झाला. थोड्याच दशकांत डेन्मार्कच्या डुकरांचा मोठा हिस्सा सहकारी कत्तलखान्यांतून जाऊ लागला आणि इंग्रज माणसाच्या न्याहारीच्या ताटात डॅनिश बेकन ठाण मांडून बसले.

१८/
आता क्रम पाहावा. १८८२ साली हेडिंग येथे पहिली सहकारी दूधडेअरी निघाली. तिच्यातून उरणारे साय काढलेले दूध डुकरांच्या खाद्यात जाऊ लागले. १८८७ साली कत्तलखाना निघाला. जातीची पद्धतशीर सुधारणा आणि संततीच्या चाचणीची केंद्रे यांनी जोर धरला तो त्यानंतर. पहिले चाचणी केंद्र १९०७ चे. आधी खाद्य, मग बाजार, मग जात. हैतीत नेमका उलटा क्रम लावला गेला: आधी जात. बाजाराचा आणि खाद्याचा विचार कधी झालाच नाही.

१९/
दोन देशांची तुलना सरळ नाही, हे मान्य करावे. डॅनिश शेतकऱ्याकडे जमीन होती, लोकशाळा होत्या, संसदेत प्रतिनिधी होते. हैतीच्या शेतकऱ्याच्या मानगुटीवर हुकूमशहा होता. पण ही तुलनेतली अडचण नव्हे, हाच तिचा निष्कर्ष आहे. दोन्हीकडे डुकरांचा ताप आला होता. एकीकडे शेतकऱ्याचा आवाज मोजला जात होता, दुसरीकडे त्याची फक्त डुकरे मोजली गेली.

२०/
हा निष्कर्ष महाराष्ट्राला परका नसावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच तत्त्वावर: ऊस पिकवणाराच गाळपाचा मालक. पुढे त्या चळवळीचे काय झाले हा वेगळा विषय. पण उसाला आणि दुधाला जे सूत्र लावले गेले, ते डुकराला लावावे असे या सहकारसंपन्न राज्यात फारसे कोणाच्या मनात आले नाही. का आले नाही, याचे उत्तर पुढे येईल.

२१/
त्याआधी कैरो. तिथले झब्बालीन हे मुख्यतः ख्रिस्ती धर्माचे गरीब कचरावेचक. घरोघरचा कचरा गोळा करायचा, ओला कचरा डुकरांना घालायचा, उरलेला वेगळा करून विकायचा, असा त्यांचा संसार. एप्रिल २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ची बातमी आली आणि इजिप्त सरकारने देशातील सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. देशात तेव्हा या तापाचा एकही रुग्ण नव्हता.

२२/
ही साथ माणसाकडून माणसाला होते, डुकरे मारून ती थांबणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले. गैरसमज टाळण्यासाठी तिने आजाराचे नावही बदलून घेतले. कत्तल थांबली नाही. काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कुजलेल्या अन्नाचे ढीग लागले. याच वर्षी ऑगस्टमध्ये तोंडाला मास्क लावलेले पुणे ज्यांना आठवते, त्यांना एका चुकीच्या नावाची ताकद वेगळी सांगायला नको.

२३/
आता भारत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरे. २०१२ च्या तुलनेत १२ टक्के घट. त्यांतील सर्वाधिक, सुमारे २१ लाख, एकट्या आसामात. तिथे घरटी दोन-तीन डुकरे, आणि त्यांची निगा बहुधा घरातल्या बाईकडे. तांदळाचा कोंडा, अळूची पाने, घरच्या तांदळाच्या दारूचा चोथा हे त्यांचे खाद्य. मिसिंग लोकांच्या उंच खांबांवरील घरांखाली त्यांचा निवारा. हैतीच्या अंगणाशी असलेले साम्य डोळ्यांत भरावे असे आहे.

२४/
२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असतानाच, अरुणाचल व आसामात आफ्रिकन स्वाइन फीवर आल्याचे निश्चित झाले. भारतातली ही पहिलीच नोंद. विक्री थांबली, वाहतूक थांबली, मेलेली डुकरे ब्रह्मपुत्रेत तरंगताना दिसली. काझीरंगातील रानडुकरांना लागण होऊ नये म्हणून खंदक खणण्यात आला, आणि ते योग्यच होते. पण अंगणातल्या डुकरिणीभोवती खणायला कोणी आले नाही. पुढच्या वर्षी मिझोरामात ३०,००० हून अधिक डुकरे दगावली.

२५/
भरपाईचा नियम असा: सरकारने मारलेल्या डुकराची भरपाई मिळते, रोगाने मेलेल्याची मिळत नाही. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. गोठ्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. दोन मेली, तिसरे खायचे थांबले, की पालक कळवत नाही; उरलेले पडेल भावाने विकून मोकळा होतो. त्या विक्रीबरोबर विषाणू दुसऱ्या गावी पोहोचतो. वेळेवर मिळणारी पुरेशी भरपाई म्हणजे दयेचा भाग नव्हे. साथ रोखण्याचे ते पहिले साधन आहे.

२६/
योजनांचे माप कोणाच्या अंगाचे आहे, तेही पाहावे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील निकषांत वराहपालनासाठी ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. त्यासाठी तेव्हा १०० डुकरिणी व १० नर यांचा प्रकल्प हवा होता. उरलेला पैसा स्वतःचा किंवा कर्जाचा. ज्या घरी तीन डुकरे आहेत, त्या घरासाठी ही योजना नाही. तरीही तिच्या यशाचे आकडे त्याच घराच्या नावाने सांगितले जातात.

२७/
मोठे प्रकल्प नकोत असे कोणी म्हणत नाही. बंदिस्त गोठ्यात रोगनियंत्रण सोपे जाते, हेही खरे. पण तीन डुकरे पाळणाऱ्या बाईची गरज वेगळी आहे. डुक्कर विकताना वजन नजरेने ठरते आणि नजर व्यापाऱ्याची असते. छातीचा घेर व अंगाची लांबी मोजून वजनाचा बराच जवळचा अंदाज देणारी साधी फीत तिच्या हाती असली, तरी सौद्याचे पारडे हलते. तिथून सुरुवात होते.

२८/
पुढची पायरी गावाजवळच्या कत्तलीच्या जागेची. पाणी, फरशी, सांडपाण्याची सोय, तपासणीला पशुवैद्य. आज लहान पालकाचे डुक्कर रस्त्याकडेच्या खाटकाकडे जाते. शहरातले दुकान ते मांस घेत नाही, कारण त्यावर तपासणीचा शिक्का नाही. शिक्का नाही, कारण तपासणीची जागा नाही. मग ‘गावठी माल अस्वच्छ’ असे म्हणून बाजार बाहेरच्या मालाला दिला जातो. दार आधी बांधायचेच नाही आणि मग आत कोणी येत नाही म्हणून दोष द्यायचा, असा हा न्याय.

२९/
आता महाराष्ट्राचे अर्धवट राहिलेले उत्तर. इथे डुकरे पाळली ती कैकाडी, वडार यांसारख्या समाजांनी, ज्यांची गणना आज विमुक्त जातींत होते. १८७१ च्या कायद्याने अशा कित्येक समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कलंक कागदावरून पुसला गेला १९५२ साली. ज्याचे जनावर गावाने उकिरड्यावर ठेवले आणि ज्याला गावाने वेशीबाहेर, त्याच्यासाठी सहकारी संस्था कोण काढणार? डुकराच्या बाजाराचा प्रश्न इथे जातीच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

३०/
शेजारच्या गोव्यात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे डुक्कर सणाच्या ताटात आहे, चोरिसांच्या माळेत आहे. तिथल्या ‘अगोंदा गोअन’ या गावठी डुकराला देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्थान मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण जातीची नोंद झाली म्हणून ती पाळणाऱ्याची नोंद होत नाही. हैतीचे काळे डुक्कर नोंदवहीच्या अभावी मेले नव्हते.

३१/
म्हणून पुढच्या वेळी ‘जीवनमान’ आणि ‘बाजारपेठ’ हे शब्द एकत्र दिसले, तर चार प्रश्न विचारावेत. वजन कोण करतो? कत्तलखाना कोणाच्या मालकीचा आहे? जनावर मेले तर भरपाई किती दिवसांत मिळते? आणि हे सारे ठरवणाऱ्या बैठकीत डुकराला रोज खाऊ घालणारी बाई कुठे बसली आहे?

३२/
हॉर्सेन्सच्या शेतकऱ्यांना या प्रश्नांची उत्तरे स्वतः देता आली. हैतीच्या शेतकऱ्यांना ते प्रश्न विचारायची मुभा नव्हती. आसाम, मिझोराम आणि महाराष्ट्राच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांना ती मुभा आहे. प्रश्न विचारला गेला तर उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, एवढेच अजून ठरायचे आहे.